बडग्याचे हात

पेंच ब्रुअरीच्या सेलरमध्ये साठवणीच्या टाक्या नऊ होत्या. त्यांतल्या पाच भरलेल्या, दोन ओतून दिलेल्या, एक दुरुस्तीला काढलेली आणि एक, सातवी, धुऊन भरायला तयार. नळ अठरा, फिरत होते सतरा. काथ्याचे ब्रश सहा, त्यांपैकी केस शिल्लक असलेले चार. गमबुटांचे जोड पाच, पण डाव्याला उजवा जुळेल असे तीनच. तापमापक तीन आणि त्यांनी दाखवलेली तापमानंही तीन. भिंतीवर स्वच्छतेच्या पाट्या अकरा. धुणारी माणसं पाच : चार पुरुष आणि मैनाबाई. एका टाकीतून दुसरीत बिअर नेणारा रबरी होजपाईप एक, लांबी बत्तीस फूट.

हा हिशेब उत्तरा हेडाऊनं पोळ्याच्या आधीच्या सोमवारी केला. तो करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन ती नागपूरच्या पाचपावलीहून एस.टी.नं रोज कळमेश्वरला येत असे आणि औद्योगिक वसाहतीच्या टोकाला असलेल्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशांमधले जीवाणू मोजत असे. तिची आई शेजारणींना सांगे, "जव-गव्हाच्या फॅक्टरीत हाय." हे अर्धं खरं होतं. गहू नव्हता.

त्या वर्षी थेट दिल्लीपासून दारूबंदीची चर्चा होती. सरकारला जे जमायचं होतं ते पेंच ब्रुअरीत जीवाणूंनी आधीच करून दाखवलं. उन्हाळा सरता सरता चौथी टाकी बिघडली. झाकण उघडल्यावर बिअरऐवजी शिळ्या ताकाचा वास आला. महिन्याभरात दुसरी टाकीही त्याच वाटेनं गेली. नासलेली बिअरसुद्धा एक्साइजच्या इन्स्पेक्टरसमोरच ओतावी लागते, म्हणून तो नाल्याच्या काठावर खुर्ची टाकून बसला आणि चाळीस हजार लिटर बिअर कोणाच्याही घशात न जाता वाहून गेली याची त्यानं जातीनं खात्री केली. गावच्या म्हशी नाल्याचं पाणी प्यायल्या, त्यावर त्याचा काही आक्षेप नव्हता. म्हशींबद्दल कायद्यात कलम नव्हतं.

वर्क्स मॅनेजर कृष्णकांत बक्षी हे स्वच्छतेचे मोठे भोक्ते. पूर्वी कधीतरी कंपनीनं त्यांना तीन आठवडे जर्मनीला पाठवलं होतं आणि तिथल्या ब्रुअऱ्या आरशासारख्या लखलखतात एवढं त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. आत काय असतं ते पाहायला वेळ पुरला नसावा. ते रोज सकाळी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून टाकीच्या बाहेरच्या अंगावर फिरवत. रुमाल पांढरा राहिला तर टाकी पास. उत्तराच्या बशांपेक्षा त्यांना रुमालाचं शास्त्र जवळचं होतं, कारण बशीचा निकाल यायला चार दिवस लागत आणि रुमालाचा लगेच येई.

चौथी टाकी नासल्यावर त्यांनी सहा पाट्या लावल्या. दुसरी नासल्यावर आणखी पाच.

तिसऱ्यांदा असं होऊ नये म्हणून त्यांनी उत्तराचा अहवाल मागवला. तिनं लिहिलं होतं, 'साठवणीच्या टाकीत जाताना बिअर दूषित होते.' साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तीन पायऱ्यांत प्रश्न सोडवला.

"दूषित म्हणजे घाण. घाण म्हणजे धुलाई नीट नाही. धुलाई म्हणजे जागेश्वर."

"सर, पण 'टाकीत जाताना' असं लिहिलंय मी. टाकीत नाही."

"मिस हेडाऊ, व्याकरण नंतर. मला एक सांगा, एका मिलिलिटरमध्ये हे तुमचे जंतू किती चालतात?"

नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर द्यायचं ही उत्तराची खोड. ती पटकन बोलून गेली, "दहापर्यंत, सर. दहाच्या वर गेले की बिअर टिकत नाही."

"गुड. दहा."

संध्याकाळी जागेश्वर पराते, धुलाईचा मुकादम, याच्या हातात नोटीस पडली : सातवी टाकी भरल्यावर दहा दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात दर मिलिलिटरला दहाहून अधिक जीवाणू आढळल्यास निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी करण्यात येईल. पोटावर पाय आणायला इतकं शास्त्रशुद्ध माप त्या औद्योगिक वसाहतीत याआधी कोणी वापरलं नसेल. आणि ते माप उत्तरानं दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काटक. पाचपावलीत दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. एकेकाळी त्याच्याही घरात हातमाग होता. माग मोडून त्याच्या लाकडांच्या स्वयंपाकघरात फळ्या झाल्याला आठ वर्षं झाली होती. परत जायला मागे माग नव्हता, फक्त फळ्या होत्या.

"तुमच्या त्या बशीत माहं नाव निंगालं म्हन्ते सायब."

"बशीत नाव नाही निघत, जागेश्वरभाऊ. जीवाणू निघतात."

"मंग त्यायले देत जा ना नोटीस. मले कायले?"

उत्तरानं स्टूल पुढे सरकवलं.

"आठ वर्सांपासून टाकीत उतरून राहिलो मी," तो म्हणाला. "आधी मेनबत्ती सोडतो. विझली का समजायचं, आत ग्यास हाय. नाई विझली का मंगच उतरतो. कास्टिकनं घासतो, पान्यानं धुतो, क्लोरीनचं पानी मारतो. घरी बायको म्हन्ते, एवढं आपलं न्हानीघर घासलं असतं तं सोनं झालं असतं. अन् हा मानूस रुमाल फिरवून सांगते का मी निष्काळजी!"

"मी टाकी तपासली होती. तुम्ही धुतल्यावर आतून आकडा शून्य आला होता."

"सांगलं मंग सायबाले?"

"सांगितलं."

"काय म्हन्ले?"

उत्तरानं खरं ते सांगितलं. "म्हणाले, मी बघत होते म्हणून त्या दिवशी तुम्ही नीट धुतली असेल."

जागेश्वर हसला. मग एकदम हसायचा थांबला. "म्हन्जे बिअर चांगली झाली तं तुमच्यामुळं, अन् आंबली तं माह्यामुळं. वा रे सायन्स."

तो गेल्यावर उत्तरानं ठरवलं की चोर हाती लागेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. जीवाणू वाढवायच्या तयार पावडरीला मंजुरी नसल्यानं ती कळमेश्वरच्या बाजारातून टमाटे आणून त्यांच्या रसात थिजवणारं अगर घालून बशा ओतत असे. बिअर आंबवणाऱ्या लॅक्टिक जीवाणूंना टमाटे आवडतात. तिनं बिअरच्या वाटेवर जागोजागचे नमुने घेतले. यीस्टनं जिथे आपलं काम संपवलं त्या टाकीच्या तोंडाशी : शून्य. धुतलेल्या साठवणीच्या टाकीच्या आत : शून्य. आणि या दोहोंच्या मध्ये, होजपाईपच्या पलीकडच्या टोकाशी : चारशे वीस.

तिनं पाईपाच्या तोंडात टॉर्च मारला. आतलं रबर जून झालेल्या टाचेसारखं भेगाळलं होतं. रबर उकळत्या कास्टिकनं धुता येत नाही, सोलून निघतं; म्हणून तो थंड पाण्यानंच धुतला जाई, आणि थंड पाणी भेगांच्या तळापर्यंत पोचत नव्हतं. तिथे जीवाणूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती, आणि दर वेळी बिअर वरून गेली की त्यांतले काही प्रवासाला निघत.

चोर सापडला. आता फक्त त्याला हाकलायचं होतं, आणि त्यासाठी स्टोअरकीपर वामनराव गावंडे यांच्याकडे जाणं भाग होतं.

वामनराव सावनेरकडचे. घरी शेती, बैलजोडी, आणि इथे स्टोअर. दोन्हींवर त्यांची माया सारखीच. अकरा वर्षांत आपल्या स्टोअरमधून एक टाचणी इकडची तिकडे झाली नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्या माणसाला रोज.

"पाईप बदलायचाय, वामनरावजी."

"काहून? काय झालं त्याले?"

"आतून भेगा पडल्यात. भेगांत जीवाणू राहतात."

"भाडं देते काय?"

"चेष्टा नाही करत आहे मी. त्याच्यामुळंच बिअर नासते."

वामनराव उठले. पाईपाचं एक टोक स्वतः उंच धरलं, दुसरं उत्तराच्या हातात दिलं आणि एक बादली पाणी ओतलं. पाणी बत्तीस फूट वाहत जाऊन उत्तराच्या चपलांवर पडलं.

"निंगालं का नाई? इकून टाकलं, तिकून निंगालं. पाईपाचं काम तेवढंच. जंतू पाह्यची त्याची ड्युटी नाई."

"पण नवा पाईप तर आहे ना तुमच्याकडे? कागदात गुंडाळलेला, वरच्या फळीवर."

"हाय ना. माह्या स्टोरात सगळं हाय. पन तो राखीव हाय. जुना बाद झाल्याबिगर नवा निंगत नाई. अन् जुन्याचं आयुष्य दहा वर्स धरलं हाय. सातच झाले. अजून तीन वर्स त्याले मरता येत नाई."

"जुना बाद कोण करतं?"

"समिती."

"समिती कधी बसते?"

"काही बाद करायचं असलं तवा."

"मग आता करायचंच आहे की."

"ते समितीनं ठरवल्याबिगर तुमी कशा म्हनता?" वामनरावांनी शांतपणे विचारलं. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न कळत नव्हता.

उत्तरानं साहेबांच्या मागे लागून समिती बसवली. समितीत स्वतः बक्षीसाहेब, हिशेबनीस आणि वामनराव. पाईप टेबलावर आणला गेला. वामनरावांनी पाण्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. या खेपेला हिशेबनिसाचे बूट भिजले. उत्तरानं बशा दाखवल्या. साहेबांनी बशीतले पांढरे ठिपके पाहिले, मग पाईपाकडे पाहिलं, मग रुमाल काढून पाईपावरून फिरवला. रुमाल काळा झाला.

"मिस हेडाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. उत्तरा खुर्चीत पुढे सरकली. "पाईप फारच मळका दिसतो."

समितीनं एकमतानं ठराव केला : पाईपाला बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्यावा. वामनरावांनी वर लाल रंगात स्वतःच्या हातानं स्टोअरचा नंबर घातला. चारशे वीस जीवाणूंचं घर रंगवून मिळालं, नंबरासकट.

इकडे पोळा तोंडावर आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती म्हणजे बायांचे पुतळे निघतात, त्यांच्याबरोबर बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे निघतात, आणि लोक वर्षभराची रोगराई, महागाई, आपापली दुखणी त्यांच्या गळ्यात घालून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेबाहेर नेऊन जाळतात. पेंच ब्रुअरीचे निम्मे कामगार नागपूरचे, त्यामुळे कारखान्याचाही एक बडग्या असे. मागच्या वर्षी तो बॉयलरच्या बिघाडाचा होता. यंदा विषय शोधावा लागला नाही.

त्याचा एक नियम होता. बडग्याच्या अंगात सामान घरचंच लागतं. बाहेरून विकत आणलेल्या सामानाचा बडग्या बाहेरचीच पीडा नेतो, घरची घरातच राहते. म्हणून दर वर्षी प्रत्येक खात्यानं आपली एकेक जुनी वस्तू द्यायची. बॉयलरवाल्यांनी झिजलेला खराटा दिला, पॅकिंगनं फाटके पुठ्ठे, मॉल्टच्या गोदामानं पोट भरायला फाटकं पोतं आणि भुसा. एका चेपलेल्या डब्याचं डोकं झालं. धुलाईच्या खोलीत मैनाबाई त्या डब्यावर कोळशानं मिशा काढत होती आणि जागेश्वर नुसता बसून होता.

"एवढा कायले तोंड पाडून बसला गा?" मैनाबाई म्हणाली. "बडग्याचं तोंड तुयापेक्षा बरं दिसून राहिलं."

"त्याले परवा जाळनार हाय. मले त्याच्या मांगून दहा दिवसांनी."

"असं अभद्र बोलू नोको."

उत्तरा दारात उभी राहून ते अर्धवट धूड पाहत होती. पोट होतं, डोकं होतं, पाय होते. "याला हात नाहीत?"

"सेलरचं सामान बाकी हाय," मैनाबाई म्हणाली. "सेलरवाल्यायनं काही देल्लंच नाई. अन् लॅबचं काय? तुमी काय देनार वं बाई? टमाटे?"

उत्तरा उत्तर न देता थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. बक्षीसाहेबांना पाईपाचं नाव काढलेलं आवडत नव्हतं, पण कामगारांच्या भावना हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. भावनांना खर्च येत नसे.

"सर, बडग्यासाठी प्रत्येक खात्यानं एक जुनी वस्तू द्यायची पद्धत आहे."

"उत्तम पद्धत! द्यायलाच हवी. आनंदानं द्यायला हवी."

"सेलरनंही, सर?"

"सेलरनं सर्वांत आधी. पीडा तिथेच आहे ना?"

इथे एखाद्यानं विचारलं असतं, कोणती वस्तू. उत्तराला लहानपणापासून प्रश्न विचारायची सवय. मास्तर कंटाळत, आई कंटाळे. त्या दिवशी तिनं विचारला नाही. ती "थँक यू सर" म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं.

धुलाईच्या खोलीत येऊन ती म्हणाली, "जागेश्वरभाऊ, बडग्याचे हात होजपाईपाचे करा."

जागेश्वर उभाच राहिला. "बाई, तुमी पागल झाल्या का मले पागल करून राहिल्या? तो पाईप स्टोरचा हाय. नंबर हाय त्याच्यावर. गावंडेबुवा मले जित्ता ठेवन काय?"

"साहेबांनी सेलरची वस्तू द्यायला सांगितलंय. त्यांच्या तोंडून ऐकून आले."

"पाईप द्या म्हन्ले?"

"देऊ नका असं म्हणाले नाहीत."

"एक नोटीस हाय माह्या खिशात. तुमी दुसरी आनून राहिल्या."

"पाईप जागेवर राहिला तर सातव्या टाकीत चारशे येणार," उत्तरा म्हणाली. "दहाचा आकडा मी दिला. पाईपही मीच सोडते. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

तिनं भिंतीवरचा पाना काढला. क्लॅम्पचे बोल्ट गंजलेले होते आणि ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा मैनाबाईनं मिशांचा कोळसा पदराला पुसला, पाना तिच्या हातातून घेतला आणि दोन हिसड्यांत बोल्ट ढिला केला. "बी.एस्सी.त हे शिकवत नाई वाटते."

पाईप मधोमध कापावा असं जागेश्वरचं धाडस होईना. त्यामुळे तो अखंडच बडग्याच्या खांद्यांवरून आडवा बांधला, आणि बडग्याला सोळा-सोळा फुटांचे दोन पांढरे हात आले. ते इतके लांब की बोटं धरायला दोन्हीकडे एकेक माणूस लावावा लागला.

"एवढे लांब हात कोनाचे असते वं?" कोणीतरी विचारलं.

"कायद्याचे," मैनाबाई म्हणाली. "पिक्चर नाई पायला काय कधी?"

वामनराव पोळ्यासाठी गावी गेले होते. बैलांना पुरणपोळी खाऊ घालून, शिंगांना हिंगूळ लावून ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परतले, तेव्हा मिरवणूक फाटकाबाहेर पडून वसाहतीच्या रस्त्याला लागली होती. डफडी वाजत होती. शेजारच्या कारखान्यांची माणसंही येऊन मिळाली होती. बडग्याच्या पोटावर पाटी : 'खट्टी बिअर घेऊन जाय गा बडग्या'. वामनराव कौतुकानं बाजूला उभे राहिले. हातही जोडणार होते. तेवढ्यात बडग्याचा डावा हात त्यांच्या नाकासमोरून गेला आणि त्यावर लाल अक्षरांत त्यांच्याच हस्ताक्षरातला नंबर गेला.

"ए! थांबा! माहा पाईप!"

ते धावले आणि हाताचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत घट्ट धरलं. बडग्या कलला. डफडी बंद पडली.

"कोनं काढला हा? राखीवपेक्षा जास्त जीव लावला मी याले! सोडा!"

उत्तरा पुढे झाली आणि म्हणाली, "मी काढला." पण ते कोणी ऐकलं की नाही शंकाच आहे, कारण सगळे वामनरावांच्या मुठींकडे पाहत होते.

"घ्या ना भाऊजी," मैनाबाई गोड आवाजात म्हणाली. "आमी कायले अडवू? तुमचाच हाय, न्या. फकत एवढं ध्यानात ठेवा का आज बाहेर निंगालेली पीडा ज्यानं हातानं मांगं आनली, ते त्याच्याच घरी बसते."

"मी घरी कुठं नेऊन राहिलो? स्टोरात नेतो."

"स्टोर कोनाचं?"

अकरा वर्षं वामनराव या प्रश्नाचं एकच उत्तर देत आले होते. आज ते महागात पडणार होतं. घरी नुकतीच न्हाऊ घातलेली बैलजोडी होती. सून दिवसांत होती. या हातात पाईप होता आणि पाईपाच्या पलीकडे कोळशाच्या मिशांचा बडग्या त्यांच्याकडे पाहून हसत होता. गर्दीतून एक म्हातारा हळूच म्हणाला, "सोड बापू, सोड. लोखंड-रबराचं काय घेऊन बसला."

वामनरावांनी मुठी उघडल्या. मग हात धोतराला पुसले, एकदा नाही, तीनदा.

"जा," ते म्हणाले. आणि आवाज फुटला तसं मोठ्यानं, "घेऊन जाय गा बडग्या!"

डफडी अशी कडाडली की शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी बाहेर येऊन पाहू लागला. नाल्यापलीकडे बडग्या पेटला. पोतं आणि पुठ्ठे भुर्रकन गेले. पाईप मात्र काळा धूर सोडत तासभर जळत राहिला. उत्तरा शेवटपर्यंत थांबली. इतर लोक नाल्यावर हातपाय धुऊन, मागे वळून न पाहता परतले. ती वळून वळून पाहत होती.

दुपारी सातवी टाकी भरायची होती आणि पाईप नव्हता. समितीपुढे बाद करायला जुना पाईप हजर लागतो. तो हजर नव्हता. त्यामुळे समिती बसायचं कारण उरलं नाही. वामनरावांनी वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेला पाईप उतरवला, आणि जुना कुठे गेला या रकान्यात 'मारबतीबरोबर' असं लिहून सही केली. मुख्य कचेरीतून त्यावर कधीही विचारणा झाली नाही. जी गोष्ट एक अहवाल, एक समिती आणि चारशे वीस जीवाणूंना जमली नव्हती ती एका चेपलेल्या डब्यानं सकाळी अकराच्या आत केली.

जागेश्वरनं टाकी त्या दिवशी दोनदा धुतली. नंतर झाकणावर हळदीकुंकू लावलं.

"हे काय?" उत्तरानं विचारलं.

"बाहेरून हाय. आत नाई जात."

तिनं झाकणाची कड स्पिरिटनं पुसून घेतली. कुंकू राहू दिलं.

बक्षीसाहेब खूश होते. त्यांनी मुख्य कचेरीला कळवलं की स्थानिक परंपरेच्या साहाय्यानं दूषितीकरणाचा बंदोबस्त करण्यात आला असून दरमहा एक बडग्या काढण्याचा विचार आहे. जागेश्वरला बोलावून त्यांनी नोटीस रद्द करण्याऐवजी तिचा पुढचा भाग समजावून सांगितला.

"आता पीडा गेली. बरोबर? म्हणजे पीडेचं निमित्त उरलं नाही. याउपर आकडा दहाच्या वर गेला तर दोष निव्वळ माणसाचा."

जागेश्वर बाहेर आला तो थेट प्रयोगशाळेत. "बाई, बडग्या लागू पडते ना नक्की?"

"पाईप गेला, जागेश्वरभाऊ. पाईप गेल्यानं फरक पडेल."

"पाईप नेला कोनं पन? बडग्यानंच ना?"

"हो, पण नुसता बडग्या गेला असता आणि पाईप राहिला असता तर काही झालं नसतं."

"तुमाले काय माहीत?" मागून मैनाबाई म्हणाली. तिच्या हातात घासायच्या बाटल्यांची टोपली होती. "केलं काय तसं करून? पुढच्या वर्सी पाईप ठेवा अन् बडग्या काढा. त्याच्या पुढच्या वर्सी पाईप काढा अन् बडग्या ठेवा. मंग सांगा."

प्रयोग म्हणून त्यात एकही चूक नव्हती.

दहा दिवसांनी तिनं सातव्या टाकीचा नमुना घेतला. नळाचं तोंड ज्योतीवर धरलं, पहिली धार सोडून दिली, मग बाटली भरली. तीन बशा ओतल्या, प्रत्येकीत एक मिलिलिटर. या जीवाणूंना कमी हवेत वाढायला आवडतं, म्हणून काचेच्या बरणीत बशा ठेवून आत मेणबत्ती लावली, झाकण घट्ट केलं; आतला ऑक्सिजन सरत आला तशी ज्योत बारीक होत विझली. बरणी उबेला ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी जागेश्वर तिच्या आधी येऊन प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला होता. अंगात धुतलेला सदरा होता. कामाचे कपडे पिशवीत होते. घालायचे की नाहीत ते ठरलं नव्हतं. फाटकाकडून बक्षीसाहेब येताना दिसले, हातात रुमाल. वामनराव स्टोअरच्या दारातून काहीतरी शोधत असल्यासारखे इकडेच पाहत होते. मैनाबाईनं हातातला झाडू तसाच उभा धरला होता.

"उघडा बाई," जागेश्वर म्हणाला. "जे असन ते असन."

उत्तरानं बरणी उघडली. बशा खिडकीशी उजेडात नेल्या आणि पालथ्या धरून एकेक मोजली. मग पेन्सिल घेऊन काचेवर खूण करत पुन्हा मोजली.

पहिली बशी : शून्य. दुसरी बशी : शून्य. तिसरी बशी : एक.

सातवी टाकी, दर मिलिलिटरला सरासरी, शून्य दशांश तीन.